चौतिसावं मत

राजधानी,
शनिवार, ९ एप्रिल १९८३

प्रिय हार्लन,

तुम्हा दोघांची खुशाली परवा तुझ्या फोनवरून अर्धीच कळली. उरलेली अर्धी कळावी म्हणून हे पत्र. वर्नाचं ऑपरेशन कधी, डॉक्टर काय म्हणतात, तू जेवतोस की नुसती कॉफी ढोसतोस, हे सगळं सविस्तर कळव. वकिलांची पत्रं एका ओळीची असतात हे मला ठाऊक आहे. पण ही सवय अशिलांसाठी ठेव.

इकडे सगळं ठीक. नदीवरचा बर्फ मंगळवारी फुटला. मी पुलावर उभा राहून तासभर बघत होतो. मोठे मोठे तुकडे एकमेकांना ढुशा देत चालले होते, अगदी शेवटच्या आठवड्यातल्या आपल्या सभागृहासारखे. ग्लॅडिसच्या कॅफेत आपलं टेबल मी एकटाच अडवून बसतो. ती विचारत होती, "तुमचा शत्रू कुठाय?" म्हटलं, बायको आजारी आहे. तर म्हणते, "मग आज रुबार्ब-पाय फुकट. पण त्यांच्या वाटणीचा तुम्ही खायचा नाही." म्हणून तुझा आंबटगोड रुबार्ब-पायचा तुकडा तसाच काचेच्या कपाटात आहे. दोन दिवस तरी राहील. पुढचं सांगवत नाही.

गुरुवारी प्राप्तिकराचं विधेयक मतदानाला येतंय. त्याची काळजी करू नकोस, हे सांगायलाच खरं तर लिहायला बसलो. आपली जोडी ठरली म्हणजे ठरली. तू इथे असतास तर विरोधाचा लाल दिवा लावला असतास, मी हिरवा लावणार होतो. तू नाहीस तर मीही लावत नाही. तराजू सारखा. तुझ्या पक्षाचा कुणीही म्हणू शकणार नाही की हार्लन प्रुइट ऐन वेळी पाठ दाखवून गेला. आमची प्रतोद डोरीन आमच्या बाजूची मतं बोटांवर मोजत असते. ती म्हणते, चौतीस लागतात आणि मला सोडून पस्तीस आहेत. तेव्हा माझ्या एका मतावाचून काही अडत नाही. तू निर्धास्त वर्नाजवळ बस.

तू फोन केलास तेव्हा मागून इस्पितळातल्या चाकांच्या खाटेचा आवाज येत होता. तू म्हणालास, "मास्तर, एकोणीस वर्षांत मी एकही मतदान चुकवलं नाही रे." मी म्हटलं, "मग मी तुझ्याशी जोडी लावतो." त्यावर तू क्षणभर काहीच बोलला नाहीस. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणालास, "ठीक आहे, मास्तर. उपकार झाले." उपकार कसले? तू नियमांचं पुस्तक पाठ केलंस, मी कविता. शब्द देणं-घेणं माझ्या पुस्तकात येतं.

वर्नाला सांग, नावाड्याची कविता मी अजून रोज चालताना म्हणतो. मिस एगेबर्ग बाईंनी आठवीत शिकवलेली. फळ्याजवळ उभं राहून, हात मागे बांधून म्हणायची:

सांज उतरली, वारा फिरला,
पाणी चढले काठी;
नावाडी पण हलला नाही
दिल्या शब्दासाठी.

तुमच्याकडे जेवायला आलो की वर्ना आणि मी ही कविता मिळून म्हणायचो आणि तू उठून भांडी घासायला जायचास. तिला पुढचं एक कडवं येतं, ते मला कधीच आठवत नाही. बरी झाली की लिहून पाठव म्हणावं. घाई नाही.

गुरुवारी आपल्या दोघांचे दिवे विझलेले असतील. तू तिकडून बघ, मी इकडून बघतो.

तुझा,
ऑरिन

•

राजधानी,
शनिवार, १६ एप्रिल

प्रिय हार्लन,

तुझा निरोप मिळाला. वर्ना शुद्धीवर आली, उठून बसली, आणि पहिलं वाक्य काय बोलली तर "या सुपात मीठ नाही"! मी हे कॅफेत मोठ्याने वाचून दाखवलं. ग्लॅडिसने डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "आता तो रुबार्ब-पाय फेकते, बुरशी आलीय." फार बरं वाटलं, हार्लन. खरंच फार बरं वाटलं. हे आधी लिहितो, कारण खालचं काहीही वाचलंस तरी हे त्याच्यावर राहिलं पाहिजे.

इथे हवा छान आहे. सभागृहाच्या हिरवळीवर माळी पहिल्यांदा यंत्र फिरवत होता आणि खिडक्या उघड्या होत्या. कापलेल्या गवताचा वास थेट आत येत होता. अशा वासाने मला नेहमी परीक्षांचे दिवस आठवतात. पोरं खिडकीबाहेर बघत आहेत, मी त्यांच्याकडे बघतोय, आणि कविता कुणाचीच पाठ नाही.

या शनिवारी हॉल्विकला घरी गेलो नाही. रस्ते खराब आहेत म्हणतात.

विधेयक पडलं. तुला वर्तमानपत्रातून कळलं असेलच. डोरीनच्या बोटांवरची दोन बोटं बुधवारीच गळाली होती, तिला गुरुवारी दुपारी कळलं. मतदानाला अर्धा तास असताना तिने मला कोटांच्या खोलीत गाठलं. तू तिला ओळखतोस, वयाने माझ्या मुलीएवढी, पण बोलते घोड्यांच्या व्यापाऱ्यासारखी.

"ऑरिन, तुम्ही मत देणार आहात."

"नाही. माझी हार्लनशी जोडी आहे."

"हार्लनची बायको सूप पितेय! मी चौकशी केली आहे."

"ती काय पितेय यावर आमचं ठरलं नव्हतं."

मग ती माझ्या शेजारी, लोकांच्या ओल्या कोटांखाली, बाकावर बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं शाळेत शिकवलंत ना? मग हे गणित करा. करवाढीला हजर असलेल्यांचं बहुमत पुरत नाही. एकूण सदस्यांचं लागतं. चौतीस हवेत म्हणजे हवेत, समोर किती का असेनात. म्हणजे गैरहजर माणूस आपोआप विरोधात मोजला जातो. हार्लनला जोडीची गरजच नव्हती! तो घरी झोपला असता तरी त्याचं मत पडलंच असतं. तुम्ही मात्र तुमचं फेकून देताय. कसला तराजू? एका पारड्यातच दोन वजनं आहेत."

मी कोटांकडे बघत होतो. कुणाच्या तरी खिशातून हातमोजा लोंबत होता.

खरं सांगतो, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण दोघं जुने. नेमणुका, ठराव, दुरुस्त्या, यांत आपण वर्षानुवर्षं जोड्या लावल्या. तिथे हजर असलेल्यांचंच बहुमत लागतं आणि हिशेब जुळतो. हात आपसूक त्याच वळणावर गेला. रोजच्या वाटेने जाणाऱ्या बैलाला शेत विकलं गेल्याचं कुठे कळतं?

डोरीन म्हणाली, "हा शब्द कुठल्या नियमात लिहिलाय, दाखवा."

म्हटलं, "कुठल्याच नाही. म्हणून तर पाळायचा."

"हेच ना, मास्तर? हेच वाक्य तुम्ही हॉल्विकच्या आयांना ऐकवणार?"

मग घंटा झाली आणि आम्ही आत गेलो. मतांच्या फळ्यावर हिरवे-लाल दिवे लागत गेले. तुझं नाव काळं, माझं नाव काळं. अध्यक्षांनी दोनदा विचारलं, "अजून कुणाला मत द्यायचंय?" आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसत होतो. बाजूने तेहतीस, विरोधात बत्तीस. जास्त मतं पडूनही विधेयक पडलं. गॅलरीत कुणीतरी हसलंसुद्धा. मीही हसलो असतो, बातमी दुसऱ्या राज्याची असती तर.

तुला हे कळवायचं की नाही, यावर दोन दिवस घालवले. शेवटी वाटलं, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. तू यात काही लावून घेऊ नकोस. तू मागितलं नव्हतंस, मी देऊ केलं. वर्नाच्या सुपात मीठ घाल, डॉक्टर काहीही म्हणोत.

कॅफेतलं टेबल तुझ्यासाठी राखून ठेवलंय.

ऑरिन

•

हॉल्विक,
शनिवार, २३ एप्रिल

प्रिय हार्लन,

हे पत्र सोमवारी तुझ्या हातात पडावं म्हणून सकाळीच पोस्टात टाकणार आहे. तुझं काही उत्तर आलं नाही. वर्नाचं मात्र कार्ड आलं, त्यावर हंसाचं चित्र. अक्षर थोडं थरथरतंय, पण काना-मात्रा जागच्या जागी. मी पाठवलेल्या फुलांबद्दल आभार आणि खाली, मागितल्याप्रमाणे, नावाड्याचं शेवटचं कडवं. त्याच्याकडे मग येतो.

रस्ते खराब नव्हते. मागच्या शनिवारीही नव्हते.

काल शाळेत पाठांतराची दुपार होती. दर वसंतात असते, आणि मी निवृत्त झाल्यापासून दर वर्षी पंच म्हणून पुढच्या खुर्चीत बसतो. यंदा पंच पाद्री होते. मला कुणी येऊ नका म्हटलं नाही. मी मागे, कोटांच्या खुंट्यांपाशी उभा राहिलो. कोटांखाली उभं राहायची आता सवय झाली आहे. सगळ्या हॉल्विकचे लोक आले होते. कुणी वाईट बोललं नाही. आमच्या गावाची रीत तुला माहीत आहे, राग आला की लोक हवेबद्दल बोलतात. काल माझ्याशी हवेबद्दल फार लोक बोलले.

विधेयक पडलं म्हणजे लहान शाळांचं अनुदान गेलं, आणि हॉल्विकची शाळा जूनमध्ये बंद. पोरं चाळीस मैलांवरच्या शाळेत बसने जाणार. हे तुला मी आजवर सांगितलं नव्हतं. एवढ्यासाठीच सांगितलं नव्हतं, की फोनवर तुझ्यामागे त्या खाटेची चाकं वाजत होती. आणि हेही सांगितलं नव्हतं, की माझी लेक सिग्ने तिथली मुख्याध्यापिका आहे म्हणून मला करवाढ हवी होती. बाकीची कारणं मी सभागृहात भाषणात दिली होती. तीही खरी होती, पण ती मागाहून आलेली.

कार्यक्रम संपल्यावर मी तळघरातल्या स्वयंपाकघरात गेलो. सिग्ने कॉफीचं मोठं भांडं घासत होती. तिथे खिळ्यावर माझा कान तुटलेला मग आहे, मी शिकवत होतो तेव्हापासूनचा. तो तसाच लटकत होता. मला कॉफी आली ती बशीतल्या कपातून, पाहुण्यांना देतात त्या.

मी म्हटलं, "पेडरसनच्या धाकटीने छान म्हटली."

"हो."

"मधे थोडी अडखळली."

"बसमध्ये सराव करेल पुढच्या वर्षी. सव्वा तास मिळणार आहे तिला."

मी कॉफी प्यायलो. गरम होती. मग मी तिला समजावायला लागलो, शब्द म्हणजे काय, दोन बाजूंची माणसं एकमेकांच्या शब्दावर कशी उभी असतात, तो गेला तर सभागृहात नुसत्या खुर्च्या उरतात. तिने भांडं पालथं घातलं, हात पुसले.

"शब्द पाळलात ते चांगलंच केलंत, बाबा. मी पोरांना तेच शिकवते. मला एवढंच सांगा, हार्लनकाकांना त्या वेळी आठवलं नसेल? त्यांना नियमांचं पुस्तक पाठ आहे, तुम्हीच सांगत असता ना. झोपेत उठवलं तरी कलम सांगतील म्हणून."

"त्याची बायको मरणाच्या दारात होती."

"हो ना. म्हणून मी रागावले नाहीये त्यांच्यावर. नुसतं विचारतेय. तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही?"

मी म्हटलं, "फडकं दे, मी कप पुसतो."

ती म्हणाली, "राहू दे. पाहुण्यांनी पुसायचे नसतात."

तेव्हा हार्लन, आता लिहून टाकतो. गेले पंधरा दिवस मी त्या फोनमधल्या शांततेभोवती फिरतोय. मी म्हटलं, मी जोडी लावतो. आणि तू गप्प झालास. मी ती शांतता दर वेळी वेगळी ऐकतो. कधी तिच्यात नुसती खाटेची चाकं असतात. कधी तू वळून वर्नाकडे बघत असतोस. आणि कधी, पहाटे, तिच्यात एक पान उलटल्याचा आवाज येतो. तुला कलम आठवतंय. जोडीची गरज नाही हे तुला कळतंय. "अरे मास्तर, वेडा आहेस का, तू मत दे" हे तुझ्या ओठांवर येतंय. आणि तू ते गिळतोस. कारण तुला ही करवाढ मनापासून नको होती. त्यातही काही पाप नाही. तू एकोणीस वर्षं तिच्याविरुद्ध बोलत आलास, तुझ्या गावच्या दुकानदारांना तोंड द्यायचंय तुला. फुकट आलेलं मत कुणी परत करतं का? तुझ्या जागी असतो तर मी केलं असतं का, हे मला सांगता येत नाही. केलं असतं असं लिहून मग खोडलं.

वर्नाने लिहिलेलं कडवं असं आहे:

पल्याड तेव्हा उभी माणसे
हाका घालत होती;
त्याच्या कानी पडल्या नाहीत,
नदीच गर्जत होती.

मिस एगेबर्ग बाईंनी आम्हाला हे शिकवलंच नव्हतं, हे मला काल कळलं. आठवत नव्हतं ते विसरलो म्हणून नव्हे. त्यांनी कविता एक कडवं आधीच थांबवली होती, आणि टाळ्या तिथेच पडत. चाळीस वर्षं मीही पोरांना तिथपर्यंतच शिकवली. किती पोरं असतील. सगळी त्या काठावर उभी.

आता कामाचं. फेरविचाराचा ठराव मंजूर झालाय. मंगळवारी दुपारी विधेयक पुन्हा येतंय, हे तुला तुझ्या पक्षाने कळवलं असेलच. या वेळी मी मत देणार. पण आमच्यातला ब्रेंट ओल्मन फुटला. त्याच्या घरी लोकांनी इतके फोन केले की बायकोने टेलिफोनवर उशी ठेवली म्हणे. त्यामुळे मला धरून पुन्हा तेहतीसच. डोरीन आता मोजत नाही, नुसती माझ्याकडे बघते. काल तिने फोन करून विचारलं, "हार्लन मंगळवारी येतायत. तुम्ही त्यांच्याशी बोलाल?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग निदान पत्र तरी लिहा." मी म्हटलं, बघतो.

तर हे पत्र. ते लिहिणं म्हणजेच मागणं झालं, एवढं मला कळतं. तरीही मागत नाही असं लिहितो, आणि तसंच वाच. माझ्यासाठी हिरवा लावू नकोस. परतफेड म्हणून तर मुळीच नको; आपल्यात मी दिल्या-घेतल्याचं खातं ठेवलेलं नाही.

पण एक गोष्ट तुझ्याही लक्षात आली असेल. तू लाल लावलास, तर शाळा जाईल, आणि मी आयुष्यभर मानीन की त्या शांततेत नुसती चाकं होती. तू हिरवा लावलास, तर पेडरसनची धाकटी पुढच्या वर्षी इथेच उभी राहून कविता म्हणेल, शेवटच्या कडव्यासकट, मी स्वतः शिकवीन. आणि मला उत्तर मिळालेलं असेल, की तुला तेव्हा कलम आठवलं होतं. मग आपण कॅफेत बसू, रुबार्ब-पाय खाऊ, आणि ते उत्तर टेबलावर तिसऱ्या माणसासारखं बसलेलं असेल. तेही चालेल. म्हातारपणी तिघे असले तर पत्ते बरे जमतात.

घंटा झाली की मी फळ्याकडे बघेन. कुठल्या रंगाची वाट बघतोय ते मला या घडीलाही ठाऊक नाही. सिग्नेला तिचा रंग ठाऊक आहे, आणि ती बरोबर आहे.

वर्नाला माझा नमस्कार सांग. तिला म्हणावं, कडवं पोचलं. गाडी हळू चालव. रस्ते चांगले आहेत.

तुझ्या समोरच्या बाकावरचा,
ऑरिन